सगळं एकदम सोडू नका

नमस्कार श्रोतेहो, आज खाण्यापिण्याबद्दल बोलूया, म्हणजे ते क्लीन इटिंग म्हणतात ना, कमी प्रक्रिया केलेलं साधं अन्न खाणं, त्याबद्दल. आधीच सांगते, डाएट चार्ट वगैरे काही मिळणार नाहीये, चार्ट सगळ्यांकडे असतोच, फ्रिजवर चिकटवलेला. रविवारी रात्री जोश येतो, कपाटातली सगळी पाकिटं बाहेर निघतात, साखर बंद, तळलेलं बंद, कॉफीसुद्धा बंद, सोमवार मस्त जातो, मंगळवारी डोकं ठणकायला लागतं, बुधवारी पोट फुगतं आणि गुरुवारी रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चिप्सचा फडशा पडतो. मग आपण म्हणतो, माझ्यात विल पॉवरच नाही. अहो, विल पॉवरला कशाला मध्ये आणताय, जिभेला वेळ लागतो, आतड्यांना वेळ लागतो, सवयीला तर त्याहून जास्त, आणि तिघांनाही एकाच दिवशी कामाला जुंपलं तर ते संपावर जाणारच.

क्लीन म्हणजे काय यावर प्रत्येकाचं वेगळं मत. मला त्यातल्या त्यात कामाची वाटते ती ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मॉन्तेरो आणि त्यांच्या टीमची नोव्हा नावाची वर्गवारी. चार गट आहेत. फळं, भाज्या, धान्यं, डाळी, अंडी, दूध हा पहिला, तेल-मीठ-साखर दुसरा, चीज किंवा डब्यातले उकडलेले वाटाणे असलं साधं प्रक्रिया केलेलं तिसरं, आणि चौथा गट अल्ट्रा प्रोसेस्ड, म्हणजे ज्याच्या पाकिटावरच्या घटकांच्या यादीत घरच्या स्वयंपाकात कधीच न दिसणारी नावं असतात. आपल्याला त्रास चौथ्याचा आहे. फ्रोझन भाजी, साधं दही यांच्यामागे लागू नका, ते बिचारे पहिल्याच गटातले आहेत.

आणि हा चौथा गट खरंच जास्त खायला लावतो बरं का. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, 20 माणसं चार आठवडे तिथेच राहिली, दोन आठवडे अल्ट्रा प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधं अन्न, दोन्हीकडे समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखंच, आणि सांगितलं काय तर हवं तेवढं खा. अल्ट्रा प्रोसेस्डच्या दिवसांत माणसं रोज साधारण 500 कॅलरी जास्त खायची आणि दोन आठवड्यांत सरासरी 0.9 किलो वाढली, साध्या अन्नावर तेवढीच उतरली. खाण्याचा स्पीडही जास्त होता. मऊ असतं ना सगळं, चावायचं काम नाही, पोट भरलं हे कळायच्या आत ताट रिकामं.

मग सुरुवात कुठून, तर माझं मत पक्कं आहे, पेयांपासून. जेवणाला हात लावू नका, आधी ग्लासात काय आहे ते बघा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 2000 कॅलरी धरल्या तर 50 ग्रॅम, जमलं तर त्याच्याही निम्मी. आणि कोलाच्या 330 मिलीच्या एका कॅनमध्येच 35 ग्रॅमच्या आसपास असते! फळांचा रसही या हिशोबात धरतात, बाटलीतला असो नाहीतर घरी काढलेला, फळ चावून खाल्लं तर मात्र त्यातली साखर मोजत नाहीत. चहा-कॉफीचं म्हणाल तर दोन चमच्यांवरून शून्यावर उडी नको, पावणेदोनवर या, पुढच्या आठवड्यात दीडवर, घरात कोणाला कळणारही नाही. आणि कॉफी किंवा कोला भरपूर पिणाऱ्यांनी तर नक्कीच हळूहळू कमी करा, कॅफीन एकदम तोडलं की पहिल्या एक-दोन दिवसांत डोकं दुखतं, मंगळवारचं ते ठणकणं बऱ्याचदा याचंच असतं.

पेयं रुळली की मीठ. इथे लेबल वाचायला लागतं, आणि लेबल वाचायची एक खुबी आहे. समजा एक पाकीट घेतलं, पुढे धान्याच्या लोंब्यांचं चित्र, मोठ्या अक्षरात मल्टीग्रेन. ते उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे पहिलं नाव ज्याचं तेच सगळ्यात जास्त, पहिले तीन वाचले तरी पाकिटाचं खरं रूप कळतं. साखर दिसली नाही म्हणून खूश होऊ नका, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट शुगर, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट अशी ती वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असते, त्यामुळे एकेक नाव यादीत खाली जातं. मग खालच्या तक्त्यात सोडियम बघा. दर 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम लिहिलं असेल तर अडीचने गुणा, झालं 2 ग्रॅम मीठ. दिवसाला एकूण 5 ग्रॅमच्या आत असावं म्हणतात. तक्ता 100 ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा तेही बघा, कारण सर्व्हिंग कंपनी ठरवते, 30 ग्रॅमवर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कमी मिठाचं पहिले काही आठवडे अगदी सपक लागतं, ते खोटं सांगणार नाही. पण जीभ बदलते, 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही महिने कमी सोडियमवर राहिलेल्यांना जुन्या प्रमाणाचं मीठ आवडेनासं झालं होतं. तोवर लिंबू, लसूण, मिरी यांच्यावर निभवायचं.

आता पोट. फायबर चांगलं म्हणून एकाच दिवशी कोंडा, कडधान्यं, वाटीभर सॅलड असं सगळं सुरू केलं की गॅस होणारच, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यांचा तोल बसायला वेळ लागतो. एका जेवणात एक मूठ भाजी वाढवा, आठवडाभर तेवढंच, मग दुसऱ्या जेवणात, आणि सोबत पाणी वाढवायलाच हवं, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होतं. लक्ष्य म्हणाल तर मोठ्या माणसाला रोज निदान 400 ग्रॅम फळं-भाज्या आणि 25 ग्रॅम फायबर, पण तिथे पोचायला दोन-तीन महिने लागले तरी काही बिघडत नाही.

21 दिवसांत सवय लागते असं कुठेकुठे ऐकलं असेल, ते सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, कोणाला 18 तर कोणाला 254 दिवसांचा अंदाज, आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नव्हता. म्हणून कोणाकडे जेवायला गेलात तर वाढलेलं गोड खाऊन घ्या, घटकांची चौकशी करत बसू नका. शुद्ध खाण्याचं वेड इतकं वाढतं की माणसं चारचौघांत जेवायचंच टाळतात, त्याला ऑर्थोरेक्सिया म्हणतात, स्टीव्हन ब्रॅटमन या डॉक्टरांनी 1997 मध्ये दिलेलं नाव आहे ते.

एक मात्र आठवणीने करा. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर आणि पिष्ट कमी करायच्या आधी डॉक्टरांशी बोला, डोस तोच राहिला तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्त पातळ करायचं वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्या एकदम वाढवू नयेत, त्यातल्या के व्हिटॅमिनमुळे औषधाचा परिणाम कमी होतो. आणि किडनीचा आजार असलेल्यांनी सोडियम कमी असलेलं मीठ परस्पर आणू नये, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम असतं.