सामानाच्या खोलीचं दार

(दृश्य: शाळेचा रिकामा, लांबलचक व्हरांडा. दुरून मुलांचं प्रार्थनागीत.)

कॅथलिक मठांमध्ये आणि सेमिनरींमध्ये, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळांमध्ये, एक जुना शब्द आहे, 'विशेष मैत्री'. म्हणजे एकाच सोबत्याशी जडलेली खास जवळीक. ती निषिद्ध. जीव लावायचा तर सगळ्यांना सारखा, एकालाच नाही. हाच दंडक पुढे शाळांच्या वसतिगृहांतही आला.

१९१२ साली पॅरिसलगतच्या न्यूयी इथल्या सँत-क्रुआ या कॅथलिक शाळेतून एका विद्यार्थ्याला काढून टाकलं. त्याचं नाव आँरी द मोंतेर्लां, पुढे फ्रेंच लेखक झालेला. ते दिवस त्याच्या मनातून कधी गेलेच नाहीत. १९५१ मध्ये त्याचं तीन अंकी नाटक छापून आलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर, 'ज्या नगरीचा राजा एक मूल आहे'. बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकात, ज्या देशाचा राजा पोर आहे त्याच्या दुर्दैवाबद्दल एक वचन आहे, त्यावरून हे नाव आलं.

(दृश्य: अडगळीची खोली, अर्धवट लोटलेलं दार.)

नाटकातला सव्रे सोळा वर्षांचा, अभ्यासात हुशार. सुप्लिए त्याच्याहून लहान, खोडकर, सतत शिक्षा भोगणारा. दोघांची मैत्री जमते. सुप्लिएला वळण लावीन, असं सव्रे मनापासून ठरवतो. त्यांच्या शाळेतले एक धर्मगुरू, फादर द प्राद, या मैत्रीला आधी संमतीही देतात. मग सामानाच्या खोलीत दोघं भेटतात, आपलं रक्त एकमेकांच्या रक्तात मिसळून मैत्रीची शपथ घेतात. बाहेर पावलं वाजतात. घाबरून दार बंद केलं जातं, आणि तेच बंद दार पुरावा ठरतं.

सव्रेला शाळेतून काढतात. सुप्लिएला पुन्हा भेटणार नाही, असं वचनही त्याच्याकडून घेतलं जातं.

इथे थांबून फादर द प्रादांकडे नीट पाहायला हवं. ते शिस्तीची भाषा बोलतात, काळजीची भाषा बोलतात, आणि बोलताना त्यांना ती खरीच वाटत असते. पण मनात मत्सर आहे. सुप्लिएवर त्यांचा स्वतःचा जीव जडलेला आहे. दोन मुलांच्या मैत्रीत आणि या ओढीत फार मोठं अंतर आहे, कारण मुलांच्या हातात काहीच नाही आणि फादरांच्या हातात शाळेचं फाटक आहे. मला या नाटकात सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते ती हीच गोष्ट.

व्यावसायिक रंगभूमीवर या नाटकाचा पूर्ण प्रयोग व्हायला १९६७ उजाडलं. पॅरिसच्या तेआत्र मिशेलमध्ये तो झाला. तोवर खुद्द मोंतेर्लांनेच परवानगी रोखून धरली होती.

(दृश्य: मुख्य धर्मगुरूंची खोली. समोरासमोर दोन खुर्च्या.)

शेवटच्या प्रवेशात मुख्य धर्मगुरू फादर द प्रादांना सांगतात की सुप्लिएलाही शाळेतून काढलं आहे. फादर कोसळतात. दोन प्रौढ माणसं प्रेमाबद्दल, देवाबद्दल बराच वेळ बोलत राहतात.

सुप्लिए त्या खोलीत नाही.