रडीचा डाव

खिडकीच्या गजाला बांधलेला दोरा, टोकाला एक लोखंडी नट, झाला लंबक. सातवीच्या वर्गातली आजची प्रयोगशाळा एवढीच. दोरा २५ सेंटिमीटर.

बाई विचारतात, वजन वाढवलं तर झोका लवकर होईल की उशिरा? निम्म्याहून जास्त हात ‘लवकर’साठी वर. जड वस्तू जोरात येणार, सरळ हिशोब!

नट जरासा बाजूला ओढून सोडायचा. जाऊन परत आला की एक झोका. असे २० मोजायचे. पहिल्याच फेरीत घोळ झाला. मोजणाऱ्यानं नट सोडतानाच ‘एक’ म्हटलं, म्हणजे झोके भरले एकोणीसच. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं, हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. मला विचाराल तर ती सत्कारणी लागली. पुन्हा मोजलं. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २० सेकंद.

मग तीन नट, एकाखाली एक बांधलेले. जवळपास २१.

लवकर राहिलं बाजूला, उलट उशीर! ‘जड झालं की सावकाश’ असं एकीनं वहीत लिहूनही टाकलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हा रडीचा डाव! नट वाढवले, पण लांबी पण वाढलीय.”

बरोबर पकडलं. खालचे नट लोंबले, वजनाचा मध्य दोनेक सेंटिमीटर खाली सरकला, आणि लंबकाची लांबी मोजायची ती तिथपर्यंत. दोन गोष्टी एकदम बदलल्या, मग उशीर कुणामुळे झाला हे सांगणार कसं? पुस्तकात अशा बदलणाऱ्या गोष्टींना ‘चल’ म्हणतात. एक आपण बदलायचा, एक मोजायचा, बाकीच्यांना जागचं हलू द्यायचं नाही.

बाईंनी तारेचा आकडा वाकवला, तिन्ही नट त्यातच शेजारी-शेजारी अडकवले आणि लांबी पुन्हा २५ केली. २० झोके, २० सेकंद. वजन तिप्पट, वेळ तेवढाच. लंबकाच्या ठरलेल्या तालावरच डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं १६५६ साली घड्याळ चालवलं होतं.

आता नट एकच, दोरा १ मीटर. लांबी चौपट, म्हणून फळ्यावर अंदाज पडतो ८०. स्टॉपवॉच थांबतं ४० वर. ज्याचा अंदाज चुकला तो ऐकत नाही, स्वतः मोजतो. पुन्हा ४०.

“मग ५० सेंटिमीटरला किती?”

कुणी ३० म्हणतं, कुणी २०. नवा दोरा बांधून होतो, पट्टी लागते. गजापासून थेट नटाच्या मध्यापर्यंत.