आधी पासवर्ड, मग फॉरमॅट
(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडं कॉम्प्युटरनं त्रास दिला की घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘फॉरमॅट मारून आणू.’ केज असो, परळी असो की इथलं मोंढ्याजवळचं दुकान, सकाळी मशीन नेऊन द्यायची आणि संध्याकाळी ती पळायला लागलेली घरी आणायची. स्पायवेअर, म्हणजे मशीनमध्ये लपून आपली माहिती चोरणारं सॉफ्टवेअर, त्याच्या बाबतीत एवढ्यानं भागत नाही, हे सांगायला मी आज उभा आहे. आणि ज्या तऱ्हेनं आपल्याकडं फॉरमॅट होतं, त्या तऱ्हेमुळंच ते पुन्हा आत येतं, हेही सांगायचंय.

स्पायवेअर म्हटलं की लोकांना पेगासस आठवतं. 2021 साली त्याच्या बातम्या महिनोन्‌महिने चालल्या. ते अत्यंत महागडं, सरकारांना विकलं जाणारं आणि मोबाईलवर पाळत ठेवणारं हत्यार आहे. तुमच्या-माझ्या घरी येतं ते निराळं. त्याला तुमचं नाव-गाव माहीत नसतं, त्याची गरजही नसते. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, मेलचं लॉगिन, बँकेचं लॉगिन, डेस्कटॉपवर पडलेला आधार-पॅनचा स्कॅन, एवढं गोळा करायचं आणि बाहेर पाठवायचं. अशा चोरट्या प्रोग्रामला इन्फोस्टीलर म्हणतात. त्यांच्यातला ‘लुम्मा’ नावाचा एक प्रकार घ्या. 16 मार्च ते 16 मे 2025 या दोन महिन्यांत त्याची लागण झालेले 3 लाख 94 हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टला जगभरात आढळले. हा एकट्या एका प्रकाराचा आकडा आहे.

‘माझ्या कॉम्प्युटरवर काय ठेवलंय?’ असं पुष्कळ जण म्हणतात. मी त्यांना विचारतो, लेकराच्या शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज कुठून भरला? नीटचा फॉर्म कुठून भरला? पीक विम्याची पावती, सातबारा, पेन्शनची कागदपत्रं कुठं ठेवलीत? सगळं त्याच मशीनवर असतं.

आता हे येतं कुठून? फसव्या मेलमधून येतं, पेन ड्राइव्हमधून येतं, ते तुम्ही ऐकलेलं आहे. आपल्या भागातला सगळ्यात मोठा रस्ता मात्र फुकट सॉफ्टवेअरचा आहे. लग्नपत्रिका करणाऱ्याला डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून फुकट केलेलं, हवं असतं. टायपिंगची परीक्षा देणाऱ्याला मराठी फॉन्टचं जुनं पॅकेज हवं असतं. लातूरला क्लासला गेलेल्या लेकराला टेस्ट सिरीजची झिप फाइल टेलिग्रामवर मिळते. या फाइलींसोबत बहुधा एक सूचना येते, ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा.’ कृपा करून हे वाक्य ध्यानात ठेवा. ज्याला आत यायच्या आधी राखणदार बाजूला करायचा आहे, त्याच्या मनात काय असेल ते ओळखा. अँटिव्हायरस क्रॅकला उगीचच अडवतो, असा समज पसरवलेला आहे आणि पसरवणाऱ्यांचा त्यात फायदा आहे.

दुसरा रस्ता नवा आहे. एखादी साइट उघडताना ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. नेहमी आपण चित्रं निवडतो. इथं सांगतात, विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. साधं दिसतं. पण चौकटीवर क्लिक केलं त्याच क्षणी त्या साइटनं एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. विंडोज आणि आर दाबल्यावर आज्ञा चालवण्याची खिडकी उघडते, कंट्रोल-व्हीनं ती आज्ञा तिथं उतरते, आणि एंटर आपण स्वतः मारतो. स्पायवेअर आपल्याच हातानं आत घेतलं जातं. जगातली कोणतीही खरी साइट माणूस ओळखण्यासाठी ही बटणं दाबायला सांगत नाही. आज घरी गेल्यावर एवढं तरी पोरांना सांगा.

मशीन हळू चालते म्हणजे स्पायवेअर आहे, असं समजू नका. दहा वर्षांची हार्डडिस्क आणि चार जीबी रॅम असली की मशीन हळूच चालणार. चांगलं लिहिलेलं स्पायवेअर तर काहीच जाणवू देत नाही. तरी काही खुणा आहेत. ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पान येतं. आपण न टाकलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, दिसतं. क्रोमच्या मेनूत अगदी तळाला, हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो अशा अर्थाची ओळ दिसते, आणि घरच्या कॉम्प्युटरला तर कुठली संस्था नसते. काही अँटिव्हायरसमुळंही ती ओळ येते, पण येऊन बसली असेल तर तपास करा. कोपऱ्यात सारखं ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत’ असं झळकत असेल, तर ती बहुतेक वेळा कुठल्या तरी साइटला चुकून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढली की विषय संपला. तिथं एखादा नंबर झळकला तर त्यावर फोन मात्र करू नका.

आता एक मशीन तुमच्यासमोर उघडतो. तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींच्या घरचा लॅपटॉप होता. तक्रार एवढीच होती की, जीमेल सारखं ‘नव्या ठिकाणाहून लॉगिन’ असा इशारा देतंय. गुरुजींनी पासवर्ड बदलला, पुन्हा इशारा. स्कॅन केला तर सगळं हिरवं, एकही धोका नाही. मी विंडोज सिक्युरिटी उघडलं, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये गेलो, ‘मॅनेज सेटिंग्ज’वर टिचकी मारली आणि अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी, उघडली. तिथं अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला होता. म्हणजे डिफेंडर, विंडोजमधलाच अँटिव्हायरस, चालू होता, रोज तपासणी करत होता, आणि ज्या ड्राइव्हवर सगळं घडत होतं तोच त्याला बघायला मनाई होती. चौकशी केली तेव्हा कळलं, सहा-आठ महिन्यांपूर्वी लॅपटॉप फॉरमॅट करून आणला होता. विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करायला दुकानात जो ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करून देणारा चोरटा प्रोग्राम, चालवला, त्याला डिफेंडरनं हात लावू नये म्हणून ही सूट देऊन ठेवलेली होती.

यातली वाईट वाटणारी गोष्ट पुढं आहे. त्या लॅपटॉपसोबत विंडोज होमचं खरं लायसन्स आलेलं होतं. गुरुजींनी लॅपटॉप घेतानाच त्याचे पैसे मोजले होते. गेली दहा-बारा वर्षं कंपनीकडून विंडोजसह येणाऱ्या लॅपटॉपच्या लायसन्सची किल्ली आतल्या मदरबोर्डवरच साठवलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली, होम होतं तर होमच, की नेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. तिथं चोरीचं ‘प्रो’, म्हणजे विंडोजची वरची आवृत्ती, टाकायचं कारणच नव्हतं. म्हणून दुकानात मशीन देताना स्पष्ट सांगा, ‘मूळ होतं तेच विंडोज टाका, ॲक्टिव्हेटर चालवू नका.’ आणि घरी आणल्यावर सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन इथं जाऊन आवृत्ती कोणती आहे ते बघा, आणि एक्सक्लूजन्सची यादी रिकामी आहे का तेही बघा. दुरुस्तीवाल्या पोरांवर माझा राग नाही. त्यांच्याकडं सात पेन ड्राइव्ह असतात आणि गिऱ्हाईक घाई करतं. आपण मागितलं तर ती पोरं नीट करून देतात.

आता क्रमाकडं येऊ. शंका पक्की झाली की पहिलं काम नेट तोडायचं. वायफाय बंद, केबल असेल तर काढा. मग दुसरं यंत्र हातात घ्या. घरातला दुसरा फोन चालेल, शेजाऱ्याचा कॉम्प्युटर चालेल, ज्याच्यावर संशय आहे तो नाही. तिथून सर्वांत आधी मेलचा पासवर्ड बदला, कारण पुष्कळ खात्यांचा ‘पासवर्ड विसरलो’चा रस्ता मेलमधूनच जातो. मग त्याच खात्यात जाऊन सगळ्या यंत्रांवरून साइन आउट करा. बहुतेकांकडून हीच पायरी राहून जाते. चोरट्यानं पासवर्डाबरोबर लॉगिनची कुकी, म्हणजे ‘हा माणूस आधीच आत आलेला आहे’ अशी ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण, हीही नेलेली असू शकते, आणि तिच्या जोरावर तो पासवर्ड न विचारता, ओटीपी न लागता आत बसून राहू शकतो. घराची डुप्लिकेट किल्ली चोराकडं असताना नुसता दरवाजा रंगवून काय होणार? मग बँक, मग बाकी. दोन टप्प्यांचं लॉगिन नसेल तर याच वेळी चालू करा. गुरुजींनी त्याच लॅपटॉपवर बसून पासवर्ड बदलला होता, त्यामुळं नवा पासवर्डही लगेच बाहेर गेला.

पैसे गेले असतील तर स्कॅन-फॉरमॅट सगळं बाजूला ठेवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकानं कळवलं, तर त्याच्यावर तोटा येत नाही. आपल्याच हलगर्जीनं गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नका. संगणक नंतरही साफ करता येतो.

सफाईचं आता. एक्सक्लूजन्स रिकामी करा. न ओळखणारी एक्स्टेन्शन्स आणि प्रोग्राम काढा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपची, म्हणजे मशीन सुरू होताच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची, यादी बघा. मग डिफेंडरमधला ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. यात मशीन बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळं चालत्या विंडोजमध्ये लपणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर असताना करा. दुसऱ्या मतासाठी मालवेअरबाइट्स या स्कॅनरची फुकट आवृत्ती घ्या, किंवा सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मोफत साधनं आहेत, ती वापरा. दोन अँटिव्हायरस मात्र कायमचे एकत्र बसवू नका, ते एकमेकांना अडवतात.

पासवर्ड चोरणारं काही सापडलंच, तर माझं मत स्पष्ट आहे. स्कॅनवर भागवू नका, विंडोज नव्यानं टाका. फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या, प्रोग्रामच्या फाइली घेऊ नका. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवा आणि त्यावरून टाका. फॉरमॅटला माझा विरोध नाही, त्याची जागा शेवटी आहे.

एक वेगळी बाब सांगतो, ती नाजूक आहे. कधी कधी पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसानंच टाकलेलं असतं. एखाद्या ताईला वाटतं, मी काय लिहिते ते त्याला कळतंय. तिथं घाईनं पुसू नका. पुसलं की पुरावा जातो, समोरचा सावध होतो आणि त्रासही वाढू शकतो. दुसऱ्याच्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी बोला, सायबर पोलिसांकडं जा. परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये असलं काही घालणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरा आहे, भाऊ आहे म्हणून त्यातून कुणी सुटत नाही.

पुढं मशीन नीट राहावी म्हणून काय करायचं? आपल्याकडं बरीच घरं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतात. डेटा संपू नये म्हणून कुणीतरी ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करून ठेवतं आणि विंडोजचे अपडेट कित्येक महिने अडून राहतात. महिन्यातून एकदा, रात्री डेटा शिल्लक असेल तेव्हा, ते बंद करून अपडेट होऊ द्या. लेकरांसाठी वेगळं, साधं खातं काढा, ॲडमिनिस्ट्रेटरचं नको. मग बहुतेक प्रोग्राम इन्स्टॉल करायचे तर तुमचा पासवर्ड लागतो. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन्स, म्हणजे नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारी प्रकाराची अक्षरं, दिसतील असं करून ठेवा; ‘ईएक्सई’ म्हणजे चालणारा प्रोग्राम. नाहीतर ‘हॉलतिकीट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ हे नुसतं ‘हॉलतिकीट डॉट पीडीएफ’ दिसतं आणि माणूस फसतो. मराठीसाठी तर कुठून काही आणायची गरज नाही. विंडोजमध्येच मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड आहे, आणि पत्रं-हिशोब करायचं लिब्रेऑफिस कायदेशीररीत्या फुकट आहे.

मघाशी इथल्या एका काकांनी विचारलं, ‘माझ्या जुन्या मशीनवर विंडोज 11 चालत नाही, मग काय फेकून देऊ?’ फेकू नका काका. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना त्यानंतर एक वर्षाची मुदतवाढ दिली गेली. ती संपली की त्या मशीनवरून बँकेचं काम करू नका. तुमचं काम पत्रं लिहिणं, मेल बघणं आणि कीर्तनं ऐकणं एवढंच असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकून घ्या. फुकट आहे, मराठी लिहिता येतं, आणि विंडोजसाठी लिहिलेले हे चोरटे प्रोग्राम तिथं असे सरळ चालत नाहीत. त्याचा पेन ड्राइव्ह मी सोबत आणलाय. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी चहा घेऊन मागच्या टेबलाकडं यावं, तिथं प्लगची सोय केलेली आहे.