आधी औषध, मग चाकू

हे जे गुलाबी, ओलं भुयार दिसतंय ना, ती एका काकांची उजवी नाकपुडी आहे. स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची बारीक नळी, आत सरकतोय, उजवीकडे नाकाचा पडदा, आणि इथे बघा. पिकल्या जांभळासारखं जे लोंबतंय ते. नुसतं टेकलं तरी रक्त येतं, म्हणून डॉक्टर कडेकडेने चाललेत. काकांना कित्येक महिने एकाच नाकपुडीतून रक्त यायचं, तीच बाजू चोंदायची, आधी सर्दी म्हणून गोळ्या झाल्या, मग ॲलर्जी, मग पॉलिप, म्हणजे अस्तराचा साधा फुगवटा, असेल म्हणाले. बायोप्सीत निघाला मेलानोमा, रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

मेलानोमा म्हटलं की तीळ आणि ऊन आठवतं. पण रंग तयार करणाऱ्या त्याच पेशी नाकाच्या अस्तरातही असतात, तिथे कुठलं आलंय ऊन? गोऱ्या लोकांमध्ये सगळ्या मेलानोमांत असे अस्तरातले जेमतेम 1 टक्का.

आता ही ड्रिप. पेम्ब्रोलिझुमॅब, 200 मिलिग्रॅम, अर्ध्या तासात संपते, परत तीन आठवड्यांनी. ही केमो नाही हं, सगळे घोळ करतात. आपल्या टी पेशींना, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, पीडी-1 नावाचा ब्रेक असतो, गाठ तोच दाबून बसते आणि औषध तिचा पाय तिथून काढतं. हा ब्रेक 1992 मध्ये जपानात तासुकू होंजो यांच्या लॅबमध्ये सापडला, खरं तर ते शोधत होते पेशी मरतात कशा ते! 2018 चं नोबेल त्यांना आणि अशाच दुसऱ्या ब्रेकवर काम करणाऱ्या जेम्स ॲलिसन यांना मिळालं.

पण गाठ दिसतेय तर आधी कापून का नाही टाकायची? कारण ओळखपरेडला चोर समोर लागतो. गाठ अंगात असताना औषध दिलं की टी पेशींना तिचे सगळे चेहरे बघायला मिळतात. 2023 मध्ये 313 मेलानोमा पेशंटचा अभ्यास छापून आला, बहुतेकांचा त्वचेचाच, एकूण डोस सगळ्यांना तेवढेच, फक्त एका गटाला पहिले 3 ऑपरेशनच्या आधी. दोन वर्षांनी आजार परतला किंवा बळावला नाही असे त्या गटात 72 टक्के, दुसऱ्यात 49. नाकातल्यासाठी एवढा मोठा पुरावा नाहीये, पेशंटच मिळत नाहीत तेवढे.

तीन डोसनंतरचा एमआरआय शेजारी ठेवलाय. पांढरा गोळा आक्रसलाय, तुम्हीच बघा.

मग ऑपरेशन. चेहऱ्यावर एकही चीर नाही, सगळं नाकपुडीतून, एक डॉक्टर स्कोप धरून, दुसरे दोन्ही हातांनी काम करतायत, हाडाचा पापुद्रा ड्रिलने खरवडतायत, वर दिसतंय ते कवटीचं तळ, त्याच्या पलीकडे मेंदू. गाठ निघाली तरी संपत नाही, कडेकडेचे तांदळाएवढे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत, प्रत्येकावर जागेचं नाव, तपासायला.

नंतर रेडिएशन झालं, औषधाने थायरॉइड मंदावलं त्याची गोळी चालू आहे, त्या बाजूचा वास गेला, आणि हा आजार परत येऊ शकतो म्हणून स्कॅन होत राहणार.

हे काका, बेसिनशी. मिठाच्या पाण्याने नाक धुतायत, रोज.