चार हजार टनांतला एक ग्रॅम

(दृश्य : कोराडी. पट्ट्यावरून बंकरमध्ये पडणारा कोळसा, मागे धुराडी)

कोराडीच्या वीजकेंद्रातले हे तीन सुपरक्रिटिकल, म्हणजे खूप जास्त दाबाच्या आणि तापमानाच्या वाफेवर चालणारे संच. प्रत्येकी 660 मेगावॅट. तेवढ्याच विजेला जुन्या संचांपेक्षा कमी कोळसा लागतो. स्वच्छ कोळशाचा विषय निघाला की कॅमेरा आधी इकडेच वळतो. पण या भट्टीत काय पडतंय, हे ठरवणारं काम नागपूर शहरातल्या एका संशोधन केंद्राच्या मागच्या अंगणात, फावड्यानं सुरू होतं.

(दृश्य : अंगण. ढीग, फावडं)

मालगाडीच्या एका रेकमध्ये साधारण चार हजार टन कोळसा असतो. त्यातली राख मोजली जाते ती जेमतेम ग्रॅमभर पुडीवर. मधला प्रवास असा. वाघिणींतून नमुने काढायचे, फोडायचे, शंकूसारखा ढीग रचायचा, तो चेपून सपाट करायचा आणि चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले दोन बाजूला सारायचे. पुन्हा फोडायचं, पुन्हा ढीग. असं करत करत शेवटी 212 मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी पूड हाती येते. ढीग रचताना मोठे खडे कडेला घरंगळतात. तिथे लक्ष चुकलं, तर आतल्या महागड्या यंत्रांना ती चूक कधीच कळत नाही.

म्हणून केंद्राच्या प्रमुख मॅडम सकाळी आल्या की आधी इथे येतात.

(मूळ ध्वनी : "भाऊ, बारीक माल उडून तर नाही ना जात?" "नाही मॅडम, वारा पाहूनच बसलो.")

भाऊ या कामात मॅडमच्याही आधीपासून आहेत. ढिगाबाबत त्यांचा शब्द इथे शेवटचा असतो.

(दृश्य : काचेची भांडी, झिंक क्लोराइडचं द्रावण)

हे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक भांड्यातलं द्रावण आधीच्यापेक्षा थोडं जड. स्वच्छ कोळसा वर तरंगतो, दगडाचा अंश जास्त असलेला तळाशी बसतो. आपला कोळसा गोंडवनी, म्हणजे गोंडवन या प्राचीन भूखंडाच्या काळातला, 25 कोटी वर्षांहून जुना. नद्यांनी झाडोरा आणि गाळ एकत्र आणून टाकला, त्यामुळे माती त्याच्या अंगातच मुरलेली. राख 30 ते 45 टक्के, गंधक मात्र कमी. नुसत्या पाण्यानं धुऊन ही राख निघत नाही. कोणत्या खाणीचा कोळसा किती बारीक फोडायचा, कितव्या घनतेला वेगळा करायचा, हे अशा भांड्यांपुढे वर्षानुवर्षं उभं राहूनच समजतं. पुस्तक तिथवर नेऊन सोडतं.

(दृश्य : भट्टी, 815 अंश. दोन बशा)

एकाच नमुन्याच्या दोन बशा. राखेचे आकडे जुळत नाहीत.

(मूळ ध्वनी : "मॅडम, फरक थोडासाच आहे." "असू दे. परत लाव.")

अहवाल त्या दिवशी गेला नाही. कोळशाची प्रतवारी उष्मांकावर होते. किलोमागे 4301 ते 4600 किलोकॅलरी म्हणजे जी-10 ही प्रत, त्याखाली उतरला की जी-11, आणि भाव बदलतो. राख वाढली की उष्मांक घटतो. त्यामुळे विकणाराही फोन करतो, घेणाराही. ते फोन मॅडम स्वतः घेतात. भट्टीजवळच्या पोरांपर्यंत एकही पोहोचू देत नाहीत. या केंद्राचं नेतृत्व आम्हाला इथे दिसलं.

(दृश्य : राखेचा तलाव)

500 किलोमीटरपलीकडे जाणाऱ्या कोळशात 34 टक्क्यांहून जास्त राख नको, ही अट 2020 मध्ये उठली. जुलै 2022 मध्ये कोराडीची राख साठवणाऱ्या खसाळ्याच्या राखतलावाचा बांध फुटला.

(दृश्य : पुन्हा प्रयोगशाळा)

भाऊ लवकरच निवृत्त होतील. त्यांच्या जागी अजून कायम नेमणूक नाही. ती व्हायलाच हवी, आणि ते असतानाच. सध्या दोन कंत्राटी मुलं त्यांच्या हाताखाली शिकताहेत. मॅडमनी आज त्यांना फावडं ठेवून आत बोलावलंय, बाहेर त्यांनीच पाडलेल्या वाट्यांतली पूड वजनकाट्यावर तोलायला.