एका दमात म्हटले जाणारे तीन शब्द

कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, सांता क्लारा या शहरांत १९५० आणि १९६०च्या दशकांत बांधलेली बैठी घरे आजही मोठ्या संख्येने उभी आहेत. नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे यांतलेच एखादे घर विकत घेतात आणि थोड्याच दिवसांत स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधली भिंत पाडण्याचा बेत ठरतो. कॉन्ट्रॅक्टरचे नाव बहुधा मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळते. तो भेटायला येतो तेव्हा त्याच्या गाडीच्या दारावर, कंपनीच्या नावाखाली तीन शब्द रंगवलेले दिसतात: लायसन्स्ड, बॉण्डेड, इन्शुअर्ड. एका दमात म्हटले जात असल्यामुळे हे तिन्ही शब्द एकच आश्वासन देतात असे वाटते. परंतु प्रत्येकाचे काम वेगळे आहे, आणि सर्वांत भारदस्त वाटणारा मधला शब्द सर्वांत तोकडा आहे.

लायसन्स देणारे राज्याचे मंडळ, कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, १९२९ सालापासून अस्तित्वात आहे. मजुरी आणि सामान मिळून १,००० डॉलर किंवा त्याहून अधिक खर्चाचे काम घेणाऱ्याला या मंडळाचे लायसन्स लागते. २०२४ अखेरपर्यंत ही मर्यादा ५०० डॉलर होती. काम त्याहून लहान असले, तरी त्याला बांधकाम परवाना लागत असेल किंवा त्यासाठी कामगार ठेवले असतील, तर ही सूट मिळत नाही. लायसन्ससाठी चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि सर्वसाधारणपणे दोन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात: एक कायद्याची, दुसरी त्या त्या कामाची.

मंडळाच्या संकेतस्थळावर लायसन्सचा नंबर टाकला की उघडणारे पान बहुतेक जण ‘चालू’ हा शब्द दिसेपर्यंतच वाचतात. खरे वाचन त्यानंतर सुरू होते. नोंदवलेले नाव आणि करारावरचे नाव अक्षरशः जुळते का, हे आधी पाहावे, कारण दुसऱ्याचा नंबर वापरून कामे घेणारे लोक आहेत. लायसन्सचा वर्ग कोणता, हेही पाहावे: ‘बी’ म्हणजे सर्वसाधारण इमारतकाम, ‘सी-१०’ म्हणजे वीज, ‘सी-३६’ म्हणजे नळकाम, ‘सी-३९’ म्हणजे छप्पर. त्याच पानावर लायसन्सशी संबंधित व्यक्तींची नावे असतात, आणि एखाद्या नावावर क्लिक केले तर तीच व्यक्ती पूर्वी कोणकोणत्या लायसन्सवर होती आणि त्यांचे पुढे काय झाले, तेही दिसते. नव्या कोऱ्या कंपनीमागे रद्द झालेली जुनी कंपनी असेल, तर ती इथेच सापडते.

विनालायसन्स काम करणाऱ्याला मजुरीसाठी न्यायालयात दावा लावता येत नाही, उलट घरमालक त्याला दिलेले सर्व पैसे परत मागू शकतो. कायदा इतका कडक आहे. मात्र ज्याचा फोन बंद झाला आहे, त्याच्याकडून वसुली कशी करायची, हे कायदा सांगत नाही.

आता बॉण्ड. मराठीत याला जामीन म्हटले की अर्थ चटकन ध्यानात येतो, कारण एक तिसरी संस्था कॉन्ट्रॅक्टरच्या वागणुकीला जामीन राहते आणि तिने भरपाई दिली, तर ती रक्कम पुढे कॉन्ट्रॅक्टरकडूनच वसूल करते. १ जानेवारी २०२३ पासून हा जामीन २५,००० डॉलरचा आहे. ही रक्कम एका कामासाठी नसून संपूर्ण लायसन्ससाठी आहे. त्याने एकाच वेळी सहा घरे अर्धवट सोडली, तर सहाही मालक आणि पगार थकलेले त्याचे कामगार याच रकमेकडे हात पसरतात, आणि ८०,००० डॉलरचे स्वयंपाकघर अडकलेल्या मालकाच्या वाट्याला त्यातले फार थोडे येते. शिवाय हा बॉण्ड प्रत्येक लायसन्सधारकाला भरावाच लागतो, म्हणून तो जाहिरातीत मिरवायला कायद्याने मनाई आहे आणि तसे केल्यास लायसन्स निलंबित होऊ शकते. गाडीच्या दारावरचा तो मधला शब्द याच बॉण्डविषयी असेल, तर तो विश्वासाचे कारण ठरत नाही.

विम्याच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे, कारण इथे दोन वेगवेगळे विमे आहेत. पहिला कामगारांच्या दुखापतीचा. आपल्याकडे कामगारच नाहीत असे लिहून देऊन अनेक कॉन्ट्रॅक्टर यातून सूट घेतात आणि मंडळाच्या पानावर तशी नोंद दिसते. छप्पर, काँक्रीट, वातानुकूलन, ॲस्बेस्टॉस काढणे आणि झाडे तोडणे या कामांना ही सूट मिळत नाही. इतरांच्या बाबतीत मालकानेच डोळे उघडे ठेवायचे असतात: पानावर ‘सूट’ लिहिले आहे आणि सकाळी दारात चार माणसे हातोडे घेऊन उभी आहेत, तर त्यांतला एखादा शिडीवरून पडल्यावर दावा घरमालकावर येऊ शकतो. दुसरा विमा मालमत्तेच्या नुकसानीचा. ‘एलएलसी’ प्रकारच्या, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या, कंपन्या वगळता राज्य तो बहुतेकांवर बंधनकारक करत नाही, म्हणून कॉन्ट्रॅक्टरकडे तो आहे की नाही, हे घरदुरुस्तीच्या करारात लिहिलेले असावे लागते. कॉन्ट्रॅक्टरने दाखवलेल्या कागदावर समाधान न मानता प्रमाणपत्र थेट विमा एजंटकडून मागवावे.

पैशाविषयी नियम सोपा आहे आणि तोच सर्वाधिक मोडला जातो. घरदुरुस्तीच्या कामात सर्वसाधारणपणे उचल म्हणून १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच घेता येते. ८०,००० डॉलरच्या कामालाही उचल १,००० डॉलरच.

अनेकदा कॉन्ट्रॅक्टर अगदी मोकळेपणाने सुचवतो की, बांधकाम परवाना तुम्हीच तुमच्या नावाने काढा, म्हणजे लवकर मिळेल. हा अर्ज स्वतः बांधकाम करणाऱ्या मालकाचा असतो, आणि त्यावर सही करणारा कामाच्या दर्जाची व कामगारांची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो. अशी सूचना आली की, लायसन्सचे पान पुन्हा उघडावे. मधल्या काळात बॉण्ड किंवा कामगारांचा विमा खंडित होऊन लायसन्स निलंबित झाले असेल, तर ते त्या दिवशीच्या नोंदीत दिसते, आणि भिंत तेव्हा अजून उभी असते.