शिकागोचा बासरीवाला पोलीसप्रमुख

नमस्कार श्रोतेहो. सव्वाशे वर्षांपूर्वी शिकागोचे पोलीसप्रमुख ज्यांच्या मागावर असत, त्यांत चोर-दरोडेखोरांबरोबर म्हातारे फिडलवाले, म्हणजे व्हायोलिन वाजवणारेही असत. एखाद्याला जुनी आयरिश चाल येते असं कानावर आलं, की साहेब त्याला गाठल्याशिवाय राहत नसत. या साहेबांचं नाव फ्रान्सिस ओनील.

जन्म 1848 चा, आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातल्या ट्रालिबेन गावचा. बटाट्याचं पीक कुजून पडलेल्या दुष्काळाची ती वर्षं. घरात गाणं होतं, शेजारीपाजारी वादक होते, तिथेच हा मुलगा बासरी शिकला. सोळाव्या वर्षी घर सोडून जहाजावर पोऱ्या म्हणून चढला.

पुढे पॅसिफिकमधल्या बेकर बेटापाशी जहाज फुटलं. ज्या जहाजाने या खलाशांना उचललं, त्यावर शिधा जेमतेम. त्या जहाजावरच्या एका हवाईयन खलाशाकडे बासरी होती. ओनीलनी ती मागून घेतली आणि वाजवली. तो माणूस इतका खूश झाला, की आपल्या वाटणीच्या खाण्यातलं त्यांना देऊ लागला. बाकीचे बहुतेक खलाशी होनोलुलूला हडकुळे होऊन उतरले, हे मात्र चांगले टुणटुणीत! हा किस्सा ओनीलनी स्वतःच लिहून ठेवलाय.

1873 मध्ये ते शिकागो पोलिसात भरती झाले. महिनाभरातच एका चोराची गोळी लागली. ती मणक्याजवळ रुतली ती कायमचीच. तरी शिपायापासून चढत चढत 1901 मध्ये ते पोलीसप्रमुख झाले.

आता मला जे सांगायचंय, त्याकडे येतो. त्या काळी आयर्लंडातल्या खेड्यातल्या वादकाला आपल्या पंचक्रोशीतल्या चाली येत. दक्षिणेकडच्या केरी परगण्याची चाल उत्तरेकडच्या डोनेगलमध्ये पोचणं कठीण. पण दुष्काळानंतर माणसं जहाजं भरभरून अमेरिकेला गेली, आणि शिकागोच्या एका गल्लीत केरीचा, मेयोचा, कॉर्कचा माणूस शेजारी-शेजारी राहू लागला. मायदेशात जे विखुरलेलं होतं, ते परमुलखात एका ट्रामच्या अंतरावर आलं. ओनीलनी हे ओळखलं. काही वादकांना त्यांनी पोलीस खात्यात चिकटवूनही दिलं. याला वशिला म्हणायचं तर खुशाल म्हणा. कोपराखाली भाता दाबून इलन पाइप्स हे आयरिश मशकवाद्य वाजवणारा शिपाई मलातरी चालला असता.

अडचण एकच होती. चाल एकदा ऐकली की डोक्यात पक्की, पण स्वरलिपीत उतरवणं ओनीलना जमत नसे. ते काम केलं खात्यातल्याच जेम्स ओनील यांनी. आडनाव एक, नातं काही नाही. हे उत्तरेकडच्या डाउन परगण्यातले. फ्रान्सिस चाल वाजवायचे किंवा गुणगुणायचे, जेम्स ती कागदावर टिपून घ्यायचे आणि फिडलवर वाजवून दाखवायचे. कुठे चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी आईकडून ऐकलेल्या चालीही अशाच कागदावर आल्या.

1903 मध्ये पहिला संग्रह निघाला, पदरच्या पैशाने. त्यात 1,850 चाली होत्या. नावं ठेवणारेही निघाले: काही चाली दोनदा आल्यात, काही आयरिश नाहीतच. त्यात तथ्यही होतं. 1907 मध्ये निवडक 1,001 नृत्याच्या चालींचं पुस्तक आलं. आयरिश वादक त्याला नुसतं 'द बुक' म्हणू लागले.

या दोन पुस्तकांच्या मधे, 1904 मध्ये, त्यांचा तरुण मुलगा रॉजर्स मेंदूज्वराने गेला. त्यानंतर त्या घरात वाद्यं वाजणं थांबलं. घर मुकं झालं, तरी चाली जमवणं सुटलं नाही. 1913 मध्ये त्यांनी वादकांची चरित्रं छापली, त्यात अनेक अनाम राहिले असते असे पाइपवाले आहेत. 1931 मध्ये आपला सगळा ग्रंथसंग्रह त्यांनी अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाला देऊन टाकला. 1936 च्या जानेवारीत शिकागोतच ते गेले.

आज ट्रालिबेनला त्यांचा ब्रॉंझचा पुतळा आहे. अंगावर पोलिसी रुबाब नाही, ओठांशी बासरी आहे. आता त्या 1,001 चालींपैकी एक रील, म्हणजे जलद लयीची नाचाची चाल ऐकूया, लाकडी बासरीवर.